सतरा उशिरा आले

माझ्या भाचीला मी मैना म्हणते. एकदा कानावर पडलेलं ती जसंच्या तसं परत म्हणून दाखवते, म्हणून. इतिहास असो, भूगोल असो, पाठ करायला सांगा, जेवायच्या आधी तयार. गणित मात्र पाठ होत नाही, आणि दहावीत आल्यापासून तिची गाडी तिथेच अडली होती. जे पाठ होत नाही ते सरळ दुसऱ्याच्या वहीतून उतरवायचं, असा तिने त्यावर तोडगा काढला. वर्गात पहिली येणारी मुलगी हिची मैत्रीण. नळाला पाणी असताना विहीर कोण खणतं?

त्या रविवारी दुपारी जेवणं झाली, भांडी आवरली, आणि ही बया वही छातीशी घट्ट धरून बापासमोर येऊन उभी राहिली. निर्देशक भूमितीचा गृहपाठ होता. वहीत उत्तरं होती, पण नुसती उत्तरंच. सरांनी खाली लाल शाईने लिहिलं होतं की रीत कुठे आहे, सोमवारी पाचवं, सहावं, सातवं फळ्यावर सोडवून दाखव. म्हणजे मुक्कामाला पोचली होती आणि वाट विचारत होती. हे सगळं मला मागाहून कळलं. बापाला तिने भलतंच सांगितलं. सरांनी गणितं वर्गात सोडवली, उत्तरं मी लिहून घेतली, रीत उतरवायला वेळ मिळाला नाही, तेवढी समजावून द्या. डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही.

मी खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसले होते. लोकांच्या पँटी आखूड करणं, चेन बदलणं, घट्ट झालेलं सैल करून देणं, हा माझा धंदा. लग्नाच्या बाबतीत एकदा हात पोळून घेतल्यावर मी धाकट्या भावाच्या घरी आले ती इथलीच झाले. गणितातलं मला ओ की ठो कळत नाही, पण हात कामात असले तरी कान मोकळे असतात.

माझा हा भाऊ, मैनेचा बाप, वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर होता. लोखंडाच्या जाड पट्टीला कुठे भोक पाडायचं, कुठून कापायचं, हे मशीनला आकड्यांत सांगायचं. उजवीकडे किती, वर किती. डावीकडे किंवा खाली जायचं असेल तर आकड्यामागे उणे. तो म्हणायचा, एक उणे चिन्ह विसरलं की मशीन विचारत बसत नाही, तसंच घुसतं. एकदा दुसऱ्या कोणाच्या हातून ते झालं होतं आणि तुटलेल्या टूलचा तुकडा मशीनची काच फोडून समोरच्या भिंतीत रुतला होता. ती गोष्ट त्याने आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की मैना ती झोपेतही म्हणून दाखवेल.

मागच्या थंडीत एका सकाळी तो दात घासायचा ब्रश हातात धरून नळाकडे बघत नुसता उभा राहिला. मेंदूत गुठळी अडकली होती. हॉस्पिटल झालं, हात परत आला, पाय परत आला, चालणं जरा सावकाश झालं एवढंच. पण शब्दांनी त्याची चेष्टा मांडली. शब्द हरवले नव्हते, उशिरा येत होते. जेवताना मीठ हवं असायचं आणि तोंडातून निघायचं, "खिडकी दे." मग अर्ध्या तासाने उकडायला लागलं की म्हणायचा, "मीठ उघड जरा." मागितलेलं तेव्हा यायचं नाही, आणि नको असताना दारात हजर.

त्याला बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी आमच्या घराला एक नियम घालून दिला. चुकलं असं म्हणायचं नाही. त्याला काय हवंय ते ओळखायचं आणि पुढे चालायचं. माझ्या भावजयीने तो नियम असा काही उचलला की विचारू नका. ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, दिवसभर घाबरलेल्या माणसांना काही दुखणार नाही म्हणून सांगते, तिला सवयच आहे. मग तो खिडकी म्हणाला की आम्ही मीठ पुढे करायचो, चेहऱ्यावर सुरकुतीही न आणता. मला ते पटत नव्हतं. माणूस आहे, तान्हं बाळ नाही. पण घर तिच्या पगारावर चाललेलं, नियमही तिचाच चालणार. हळूहळू शब्द जागेवर यायला लागले होते, हेही खरं. त्याआधीच्या महिनाभरात मीठ आणि खिडकी पुष्कळदा आपापल्या जागी असायची.

आणि सोमवारी त्याची परीक्षा होती. वर्कशॉपच्या मालकाने निरोप धाडला होता की सकाळी ये, एक ड्रॉइंग देतो, त्याचे आकडे मशीनला घालून दाखव. बरोबर आले तर तुझी जागा तुझी. नाहीतर सध्या जो तुझ्या जागी उभा राहतोय त्यालाच कायम करतो, मला आणखी थांबता येणार नाही. मालक काही वाईट माणूस नाही. त्याने थंडीपासून पावसाळा संपेपर्यंत वाट बघितली, एवढं कोण कोणासाठी करतं?

म्हणून मैना वही घेऊन आली तेव्हा भाऊ खुलला. बिंदू, अंतर, उजवीकडे इतके, वर इतके. हे तर त्याचंच अंगण. मुलीने आजारपणानंतर पहिल्यांदाच त्याच्याकडे काही मागितलं होतं. तो उठला आणि माझ्याकडे आला. "ताई, तुझा खडू दे," म्हणाला. खडूच म्हणाला. कापडावर खुणा करायचा माझा चपटा खडू मी लगेच दिला.

त्याने फरशीवर एका कोपऱ्यात छोटा गोल काढला. हा आपला शून्य, म्हणाला, सगळं इथून मोजायचं. इथून तीन फरश्या उजवीकडे जा. आता चार फरश्या वर. आता सांग, शून्यापासून सरळ तिरकं किती? मैना म्हणाली सात. तो हसला, माझी मोजपट्टी मागितली, एका फरशीची लांबी घेतली, मग तिरक्या रेघेवर पट्टी धरायला मैनेला लावली. बरोबर पाच फरश्या भरल्या. मलाही उठून बघावंसं वाटलं. मग तिनाचा वर्ग, चाराचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ, पाच. इतकं सोपं करून तो सांगत होता की माझ्यासारखीलाही वाटलं, आपल्याला वेळेवर कोणी असं शिकवलं असतं तर आज पँटींच्या पायात आयुष्य गेलं नसतं. तो गुडघ्यांवर बसला होता, हाताला खडू लागलेला, आणि एक शब्द मागेपुढे होत नव्हता. मी मनात म्हटलं, उद्या हा जिंकून येतो.

पाचवं गणित खोलीत मावेना. चौदा फरश्या वर जायचं म्हटलं की दाराबाहेर जावं लागत होतं. म्हणून दोघं टेबलाशी कागद घेऊन बसली. एक बिंदू एक आणि दोन, दुसरा सहा आणि चौदा. पाच उजवीकडे, बारा वर. त्याने सावकाश लिहिलं, पंचवीस आणि एकशे चव्वेचाळीस, बेरीज एकशे एकोणसत्तर, वर्गमूळ तेरा. कागद तिच्याकडे सरकवला.

मैनेने वही कलती करून आत डोकावून बघितलं. "चुकलं, बाबा. सतरा आहे."

माझा पाय मशीनच्या पायटीवरच थांबला. कित्येक महिन्यांत त्या घरात तो शब्द कोणी उच्चारला नव्हता. मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण ती वहीत बघत होती. गणिताच्या नादात नियम विसरली होती. आणि तिच्या दृष्टीने ते खरंच चुकलं होतं. मैत्रीण वर्गात पहिली येते, तिचं उत्तर चुकेल कसं?

भाऊ रागावला नाही. उलट नीट बसला. म्हणाला बघू, कुठे घसरलो. परत मांडलं. परत तेरा. तिसऱ्यांदा वजाबाक्या उलट्या दिशेने केल्या, पुन्हा तेरा. मग म्हणाला हे राहू दे, पुढचं घेऊ, पुढच्यावरून मागचं सुटतं कधी कधी.

सहाव्यात उणे होते. उणे तीन आणि उणे चार, दुसरा बिंदू पाच आणि अकरा. उणे म्हणजे त्याच्या हातचा मळ. आठ उजवीकडे, पंधरा वर. चौसष्ट आणि दोनशे पंचवीस. वर्गमूळ सतरा.

"दहा पाहिजेत," मैना म्हणाली.

तो कागदाकडे बघत राहिला. मग हसला, पण ते हसणं मला आवडलं नाही. "मघाशी सतरा हवे होते तेव्हा आले नाहीत," तो म्हणाला. "आता नकोत, तर आले."

मला मीठ आणि खिडकी आठवली. त्यालाही तेच आठवलं असणार, कारण त्याने सातवं गणित ओढून घेतलं तेव्हा तो ते सोडवत नव्हता, स्वतःला तपासत होता. दोन आणि उणे एक, आठ आणि सात. सहा, आठ. छत्तीस, चौसष्ट, शंभर. लिहायच्या आधीच त्याने पेन्सिल थांबवली आणि मुलीला विचारलं, "दहा आलेत. आत्ता किती हवेत?"

"पंचवीस," ती म्हणाली.

मी मध्ये पडले. म्हटलं, सरही माणूसच आहेत, त्यांचं चुकलं असेल. भाऊ म्हणाला, ताई, सर सगळ्या वर्गासमोर फळ्यावर सोडवतात, एवढ्या पोरांतलं कोणीतरी बोललं असतंच. त्याने मैनेकडे बघितलं. "सरांनीच सोडवलीत ना?"

तिने मान हलवली. होय म्हणून.

तिथे तिने तोंड उघडलं असतं, मी ती दुसरीच्या वहीतून उतरवलीत एवढं एक वाक्य म्हटलं असतं, तर तो मोठ्याने हसला असता, तिच्या पाठीत एक धपाटा घातला असता आणि सोमवारी कामावर गेला असता. एरवी जिभेला हाड नाही या मुलीच्या. नको तिथे पोपटपंची करते आणि नेमक्या वेळी मान डोलावते. मला आजही तिचा राग येतो, आणि राग आला की लगेच तिचं ते बारीकसं तोंडही आठवतं. पंधरा वर्षांची पोर. चोरी पकडली जाईल या भीतीने गप्प बसली. बापाचं काय पणाला लागलंय याची तिला कल्पना नव्हती. परीक्षेचं आम्हीच तिला नीट सांगितलं नव्हतं, बाबा सोमवारपासून कामावर जाणार एवढंच सांगितलं होतं.

भावाने पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. रीत बरोबर आहे, तेवढी पाठ कर, उत्तरं तुझ्या वहीतली लिही, असं तिला सांगितलं. मग फरशीवरची खडूची रेघ ओलांडून आत जाऊन पडला. संध्याकाळी भावजय बाहेरची कामं उरकून घरी आली. तिने विचारलं काय शिकवलं लेकीला, तर म्हणाला बिंदू आणि अंतर. तिने कौतुक केलं. रात्री तिने त्याचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला आणि फरशी पुसून घेतली, तेव्हा खडूचा शून्यही गेला.

सकाळी भावजय दवाखान्यात गेली, मैना शाळेत गेली. शर्ट खुर्चीवरच होता. मी म्हटलं, उशीर होईल, आवर. तो म्हणाला, ताई, मालकाला फोन लाव. मला वाटलं येतो म्हणून कळवायचं असेल.

तो फोनवर जे बोलला ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "नमस्कार. मी येत नाही. माझी उत्तरं एक घर सरकून येतात. घरात चालतं, कोणीतरी मीठ देतं. मशीन देत नाही. शेजारी माणसं उभी असतात. जागा त्याला द्या."

इतकं सरळ, इतकं सलग तो आजारपणानंतर बोलला नव्हता. एक शब्द अडला नाही. मी तिथे उभी राहून हे ऐकत होते आणि हसावं की डोकं आपटावं मला कळेना. पलीकडून मालक बराच वेळ काहीतरी सांगत होता. भावाने फोन ठेवल्यावर सांगितलं, संध्याकाळपर्यंत विचार कर म्हणतोय, विचार काय करायचा. मी भांडले. काल एकटा बसून खुशाल ठरवलंस, बायकोला विचारलं नाहीस, मला विचारलं नाहीस. तो म्हणाला, तुम्हाला विचारून काय उपयोग.

दुपारी मधल्या सुट्टीत मैना घरी आली. तिची शाळा दोन गल्ल्या पलीकडे, पण मधल्या सुट्टीत ती कधी येत नाही. धापा टाकत होती, चेहरा लाल, एका हातात स्वतःची वही आणि दुसऱ्या हातात मैत्रिणीची. दारातूनच तिने सुरुवात केली आणि कुठेही न थांबता सगळं ओकली. फळ्यावर बोलावलं. बाबांनी शिकवल्याप्रमाणे तिने पाचवं सोडवलं, तेरा आले, आणि ती खडू हातात घेऊन घाबरून उभी राहिली. सर म्हणाले, शाब्बास, अगदी बरोबर. मग सहावं, सतरा. बरोबर. सातवं, दहा. बरोबर. मग सरांनी वही उघडली आणि विचारलं, अगं, मग इथे हे काय लिहून ठेवलंस? सगळा वर्ग हसला. उतरवताना मैत्रिणीच्या वहीचं पान दुमडलं होतं. पाचव्याचं उत्तर त्या दुमडीखाली गेलं. हिने पाचव्यासमोर सहाव्याचं लिहिलं, सहाव्यासमोर सातव्याचं, सातव्यासमोर आठव्याचं. आठव्याला उत्तरच उरलं नाही, तर मनानेच आठ लिहिलं. आठव्याचं आठ.

"तुमचं सगळं बरोबर होतं, बाबा. मी चोरून लिहिलं होतं. सरांनी काही सोडवलं नव्हतं. मी खोटं बोलले."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिला ओरडायचीही विसरले. एक घर सरकलं होतं ते त्याच्या डोक्यात नव्हतं, हिच्या वहीत होतं. अजून संध्याकाळ व्हायची होती. शर्ट खुर्चीवर होता. मी म्हटलं, ऊठ, अजून वेळ आहे, मी रिक्षा बघते.

भाऊ उठला नाही. त्याने मैनेला जवळ बसवलं, तिचे घामेजलेले केस कानामागे केले. त्याच्या चेहऱ्यावर माया होती. तसा चेहरा मी ओळखत होते. मीठ पुढे करताना आमचा असतो तो.

"छान जुळवलंस," तो म्हणाला. "आत्याने सांगितलं ना फोनचं?"

मैनेला आधी कळलंच नाही. मग ती रडायला लागली, रडत रडत दोन्ही वह्या त्याच्यापुढे उघडून धरल्या, दुमडलेलं पान दाखवलं. त्याने बघितलं. नीट, बोट ठेवून बघितलं. म्हणाला, किती धावपळ केलीस गं, दुसऱ्याची वहीसुद्धा आणलीस. मी माझ्या गळ्याची शपथ घेतली, हिने मला काही विचारलेलं नाही, मी हिला काही सांगितलेलं नाही, ही आत्ता शाळेतून येतेय. तो माझ्याकडे वळला.

"ताई, मी खिडकी म्हणालो की तू मीठ देतेस. मला कळत नाही असं वाटतं तुला? शब्द उशिरा येतो, पण येतो. आला की कळतं ना, आपण मघाशी काय बोललो आणि कोणी हसलं नाही." त्याने मैनेच्या डोक्यावर हात ठेवला. "इतक्या महिन्यांत या घरात माझ्याशी एकच माणूस खरं बोललं. काल. हिला भानच राहिलं नाही म्हणून. चुकलं, बाबा, म्हणाली. मला किती बरं वाटलं होतं."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि याला तर आम्ही रोज तीन वेळा, प्रेमाने, खोट्याचा घास भरवला होता. मी भांडले. मोठ्याने भांडले, मैनेला दोन शिव्या घातल्या, त्याला मूर्ख म्हटलं, शपथांवर शपथा घातल्या. जितकी जास्त बोलत गेले तितका त्याचा चेहरा आणखी मायाळू होत गेला. शेवटी तो म्हणाला, ताई, दमशील. मैनेची सुट्टी केव्हाच संपली होती. ती मैत्रिणीची वही पोटाशी धरून शाळेत परत गेली.

भावजय आली ती पर्स खांद्याला असतानाच सगळं ऐकत पलंगावर बसली. मैनेवर हात उगारला, तो तसाच खाली घेतला. मग नवऱ्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, अहो, ती खरं सांगतेय. भाऊ म्हणाला, हो ना. तिने मालकाला फोन लावायला घेतला तर त्याने तिच्या हातातून फोन काढून बाजूला ठेवला, ओढाताण न करता. म्हणाला, माझ्यामुळे कोणाच्या डोळ्यात तुकडा गेला तर तू दवाखान्यात त्याला काय सांगशील, दुखणार नाही म्हणून? ती फोन तिथेच सोडून स्वयंपाकघरात गेली. तिला मी तशी कधी बघितली नव्हती.

दिवेलागणीला दारावर थाप पडली. वर्कशॉपमधला तोच माणूस होता, थंडीपासून भावाच्या जागी उभा राहणारा. आत येईना. भावाच्या कपाटातलं सामान घेऊन आला होता. जुने बूट, एक टॉवेल, आणि फडक्यात नीट गुंडाळलेलं व्हर्निअर, केसाएवढं माप दाखवणारं, भावाने पहिल्या पगारातून घेतलेलं. तो खाली बघत म्हणाला की मालकाने फार वाट बघितली, कागद आजच करायचे होते, मी काही मागून घेतलं नाही. भाऊ म्हणाला, अरे, तूच बरा. उणे सांभाळ. त्याने चहा विचारला, तो नको म्हणाला आणि गेला. भावाने व्हर्निअर फडक्यातून काढून, उघडून, मिटून बघितलं आणि परत गुंडाळून मला दिलं. तुझ्या सुया-दोऱ्यांच्या डब्यात ठेव म्हणाला, घरात दुसरं कोण मापाचं काम करतं.

जेवणं कशीबशी झाली. मीठ त्याने मीठ म्हणूनच मागितलं.

मग मैना आली. डोळे सुजलेले. वही तिने या वेळी छातीशी धरली नव्हती, उघडी, पूर्ण उघडी टेबलावर ठेवली, पान सपाट करून. आठव्यासमोरचं आठ तिने खोडलं होतं, जागा कोरी होती. म्हणाली, बाबा, आठवं राहिलंय. मला उत्तर माहीत नाही. तुम्ही सोडवा.

मी मशीनवरून बघत होते. भावजय स्वयंपाकघराच्या दारात ओले हात घेऊन उभी होती. त्याने पेन्सिल घेतली. उणे चार आणि तीन, दुसरा बिंदू तीन आणि सत्तावीस. त्याने उणे नीट सांभाळलं. सात उजवीकडे, चोवीस वर. एकोणपन्नास, पाचशे शहात्तर. बेरीज सहाशे पंचवीस. खाली त्याने पंचवीस लिहिले, स्वच्छ, ड्रॉइंगवर लिहायचा तसे ठसठशीत.

मैना म्हणाली, "बरोबर आहे, बाबा."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग दारातल्या बायकोकडे, मग माझ्याकडे. मग टेबलावरचं खोडरबर उचललं, पंचवीसवर धरलं, आणि अगदी मायेने तिला विचारलं,

"हवेत किती?"